अनुभव धागा : कोशातला अर्थ आणि घरातला अर्थ

मराठीच्या पुस्तकात लक्षणा शिकवताना एक ठरलेलं उदाहरण येतं : 'आम्ही हल्ली ज्वारी खातो.' ज्वारी म्हणजे ज्वारीची भाकरी, म्हणून वाच्यार्थ सोडून लक्ष्यार्थ घ्यायचा. सोलापुरातल्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की पोरं नुसती बघत राहतात. हुरड्याचे दिवस सोडले तर दाणे खातंय कोण? त्यांच्या घरी रोज असंच बोलतात. निवृत्त होईपर्यंत मी अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा, व्यंजना (शब्दातून सुचणारा अर्थ) शिकवत आलो, आणि माझं ठाम मत झालंय की व्यंजना फळ्यावर शिकवता येत नाही. शब्द कुणी, कुणाला, कुठल्या वेळी म्हटला यावर ती उभी असते. त्यात आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू नांदतात. म्हणून आग्रहाचं बोलावणं आहे. तुमच्या घरातला एक शब्द सांगा. कोशातला अर्थ एका ओळीत उरका, बाकीची जागा घरातल्या अर्थाला द्या.

अशोक चौक

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू. वडील यंत्रमागावर रातपाळीला जायचे. निघताना म्हणायचे, 'पोयोस्ता.' म्हणजे 'जाऊन येतो.' नुसतं 'पोता', म्हणजे 'जातो', असं आमच्या घरी कुणी म्हणायचं नाही. लहानपणी मी एकदा दारातून तसं ओरडलो तर अव्वानं, म्हणजे आजीनं, हाताला धरून आत ओढलं, उंबऱ्याच्या आत उभं केलं आणि नीट म्हणायला लावलं. तेलुगूत 'पोयिंडु' म्हणजे 'गेला', आणि माणूस वारला तरी 'पोयिंडु'च. मराठीतलं 'गेला'ही तसंच आहे. शेजारी कन्नड घर होतं, त्यांचा मुलगा 'होगि बर्तीनि' म्हणून निघायचा, तेही 'जाऊन येतो'च. समोरचे मराठी काका तर जाण्याचं नावच काढायचे नाहीत, 'येतो' म्हणून बाहेर पडायचे.

वडील पहाटे परत यायचे तेव्हा केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर सुताचा पांढरा भुसा बसलेला असायचा. अव्वा जागी असायची. काही बोलायची नाही, पदरानं त्यांचे कान पुसायची. आता मी पुण्यात नोकरीला आहे. फोन ठेवताना आई 'पोयोस्ता' म्हणते. फोनवर कोण कुठे जातंय? पण तिला दुसरा शब्द चालत नाही, आणि आता मलाही.

रेल्वे लाइन्स

आमच्या घरी 'हुतात्मा' म्हणजे पुण्याची रेल्वेगाडी. 'हुतात्मानं ये', 'हुतात्मा चुकली', 'हुतात्माला गर्दी होती का?' पुण्याला शिकायला, नोकरीला गेलेल्या प्रत्येक सोलापूरकराच्या घरात ही वाक्यं असतात. सकाळी जाते, रात्री माणसं परत आणते. माझ्या नातीला तर पहिली कितीतरी वर्षं हुतात्मा हे इंजिनाचंच नाव वाटायचं.

मग तिला चार पुतळ्यांपाशी नेलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही नावं तिच्याकडून वाचून घेतली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली, हे सांगितलं. ती म्हणाली, 'आजोबा, म्हणजे यांना पण पुण्यालाच नेलं होतं?'

मला उत्तर सुचलं नाही. हुतात्मा म्हणजे बलिदान दिलेला माणूस, हा कोशातला अर्थ मला पाठ होता. पण हे चौघं घरून निघाले आणि परत आले नाहीत, हे त्या पोरीच्या प्रश्नानं पहिल्यांदा आत गेलं. वडिलांच्या तोंडी 'मार्शल लॉ'चं 'मारशल्ला' झालं होतं. तो शब्द उच्चारताना म्हातारपणीही त्यांचा आवाज खाली यायचा, जणू दाराबाहेर अजून कुणी ऐकतंय.

सात रस्ता

मी परिचारिका आहे. माझा शब्द नाही, दोन शब्दांचं वाक्य आहे : 'घरी न्या.'

सोलापूरला उपचारासाठी अक्कलकोट, मंगळवेढा, पार इंडी-कलबुर्गीकडून माणसं येतात. 'घरी न्या' ऐकलं की काहींचा चेहरा उजळतो : टाके सुकले, बिल भरायचं आणि गाडी बघायची. आणि काहींना तेच वाक्य ऐकून भिंतीला हात लावून उभं राहावं लागतं, कारण आता इथं करण्यासारखं काही उरलेलं नसतं. शब्द तेच आणि आवाजही बहुतेक वेळा तोच, कारण डॉक्टरांना पुढच्या खाटेकडे जायचं असतं.

एकदा एका वयस्कर मामांना असं सांगितलं गेलं. त्यांनी मान हलवली, खिशातून रुमाल काढला, परत ठेवला आणि मला विचारलं, 'सिस्टर, न्यायचं म्हणजे कसं? जीपमधनं का ॲम्ब्युलन्समधनं?' त्या एका प्रश्नात त्यांना सगळंच विचारायचं होतं. मामी बऱ्या होत्या. मी म्हटलं, 'जीपमधनं मामा, बसवून न्या.' ते तिथंच बाकावर बसले आणि रडले.

तेव्हापासून मी 'घरी न्या' एवढंच कधी म्हणत नाही. आधी कारण सांगते. 'ताप गेलाय, जेवायला लागल्यात, घरी न्या.' दुसऱ्या प्रसंगी खुर्ची ओढून बसते, मग बोलते. नव्या मुलींनाही हेच शिकवते. दवाखान्यात अर्धवट वाक्य सोडणं मला औषध चुकवण्याइतकंच गंभीर वाटतं.

जुळे सोलापूर

'पाणी आलं!' एवढंच. नळाला रोज पाणी येणाऱ्या गावात राहून बघितलं, तिथं हे वाक्यच कुणी बोलत नाही. आमच्याकडे रात्री दोनला कुणी ओरडलं तरी अख्खी गल्ली उठते आणि कुणी चिडत नाही. ज्याला आधी कळेल त्यानं सगळ्यांना उठवायचं, ही आमची शेजारधर्माची व्याख्या.

विजापूर वेस

आमच्या दखनीत 'हळू'चं 'हल्लू' होतं. मराठीतनंच आलेला शब्द, पण आमच्या अम्मीच्या तोंडी तो वेगाबद्दल नसतो. मी दुचाकीला किक मारली की ती खिडकीतून म्हणते, 'हल्लू जा बेटा.' भाजी आणायला कोपऱ्यावर जायचं असलं तरी तेच. अब्बा अपघातात गेले त्याआधी ती असं म्हणायची का, मला आठवत नाही. विचारायचा धीर होत नाही. मी रोज 'हौ अम्मी' म्हणतो आणि खरंच हळू जातो.

बाळीवेस

माहेर मराठी, सासर कन्नड. लग्नानंतर सासूबाई मला 'तायी' म्हणायला लागल्या. मला वाटलं ताई म्हणतात, थोरली बहीण, आणि वयानं एवढी मोठी बाई मला ताई का म्हणते याचा संकोच वाटायचा. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. तिकडे मोठी माणसं लेकीबाळींना मायेनं तशी हाक मारतात. जाऊबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. माझी आई मी लहान असतानाच गेली. आई म्हणायला माणूस नव्हतं, आणि इथं मलाच आई म्हणणारं माणूस मिळालं. काय म्हणू? त्या दिवशी भाकरी करपली.

दक्षिण कसबा

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, त्या अक्षता सोहळ्याला मी दरवर्षी असतो. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, आलेले असतात, बाराबंदी घातलेले पुरुष, गच्चीगच्चीवर बायका. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' कानावर येतं आणि हजारो हात एकदम वर जातात. 'दिड्डम'चा अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही, आणि विचारावंसं वाटत नाही. मला एवढं कळतं की त्या शब्दाला मूठ उघडायची. शेजारी कोण उभा आहे, कुठली भाषा बोलतो, काही ठाऊक नसतं. त्याच्या अक्षता माझ्या डोक्यावर पडतात, माझ्या त्याच्या.

धागा सुरू करणारा

सगळं दोनदा वाचलं. सिस्टर, तुमचं 'आधी कारण सांगते' मी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी. दक्षिण कसब्याच्या मित्राशी मात्र माझा मतभेद आहे : अर्थ विचारल्यानं भाव कमी होत नाही. तायीचा अर्थ कळला म्हणून तर बाळीवेशीतल्या ताईंना सासूबाईंची माया पुरती पोचली. यावर अजून बोलू.

लमाणी, वडारी, कैकाडी बोलणाऱ्या घरांतून अजून कुणी लिहिलेलं नाही. विडी कामगारांच्या वसाहतीतून, विडी घरकुलातूनही नाही. वाट बघतोय. टंकायला जमत नसेल तर घरातल्या पोराला सांगून लिहून घ्या.