घरगुती बिअरसाठी माल्टची एकत्र घाऊक खरेदी: पैसे, वाटप आणि साठवण यांची घडी कशी बसवावी?

प्रश्न : सातूवाला

नमस्कार. घरच्या घरी बिअर तयार करणाऱ्या आम्हा पंधराएक जणांचा एक गट आहे. आजवर प्रत्येक जण किरकोळीने, दोन-पाच किलोंच्या पिशव्यांतून माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य, मुख्यतः सातू) घेत आला आहे. आता सर्वांनी मिळून वितरकाकडून थेट पोत्यांनी खरेदी करावी असे ठरत आहे आणि ते जुळवून आणण्याची जबाबदारी मी घेतली आहे. किरकोळ आणि घाऊक दरांतला फरक पाहता खरेदी करावी की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. ती कशी करावी, हे मात्र ठरत नाही.

आमच्याकडे वीस लिटरच्या एका घाण्याला (एका वेळी केलेल्या बिअरला) साधारण ५ किलो धान्य लागते आणि त्यातला ८० ते ९० टक्के भाग मूळ माल्टचा, म्हणजे पेल किंवा पिल्सनरचा असतो. त्यामुळे २५ किलोंचे मूळ माल्टचे पोते पाच-सहा घाण्यांत संपते आणि ते कोणीही एकटा घेऊ शकतो. रंग-चवीसाठी थोडेच घालायचे क्रिस्टल, चॉकलेट, काळा हे विशेष माल्ट, त्यांचे गणित निराळे आहे. पाकृतीत क्रिस्टल ५ टक्के धरला तर एका घाण्याला २५० ग्रॅम पुरतो, म्हणजे एक पोते शंभर घाणे चालेल. ते वाटून घेण्यावाचून पर्याय नाही. पण एका पोत्याला तीनच भागीदार मिळाले आणि चौथा मिळालाच नाही, तर काय करावे?

याशिवाय वाहतुकीचा खर्च माणशी वाटावा की वजनावर, आधी पैसे गोळा करावेत की माल आल्यावर, आणि ऐन वेळी कोणी माघार घेतली तर तो भार कोणी उचलावा, हेही ठरवायचे आहे. ज्यांनी अशी खरेदी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी आपली पद्धत सविस्तर सांगितल्यास फार उपयोग होईल.

उत्तर : गोणपाट

आपल्या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच नियम आहे आणि तो पहिल्याच दिवशी सर्वांना लेखी कळवावा : ज्या पोत्याचे पूर्ण पैसे जमा झाले आहेत तेवढेच पोते मागवायचे. चार भागांपैकी तीनच भरले असतील तर ते पोते मागणीत धरायचे नाही. पैसे भरण्याची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी अपुऱ्या पोत्यांची यादी सर्वांना पाठवावी. त्या तीन भागीदारांनी उरलेला भाग आपसांत घेतला किंवा नवा भागीदार आणला तर उत्तम, नाहीतर त्यांचे पैसे परत करावेत. 'पुढे कोणीतरी घेईलच' या भरवशावर संयोजकाने उरलेला भाग स्वतःच्या नावावर घेऊ नये. एका खेपेला ते परवडते, पण दर खेपेला असे दोन-चार भाग अंगावर पडत गेले की संयोजक वैतागतो आणि उपक्रम तिथेच थांबतो. एकत्र खरेदी बंद पडते ती दरामुळे नव्हे, या अर्धवट पोत्यांमुळे.

भागांची संख्याही माल्टप्रमाणे बदलावी. क्रिस्टलच्या पोत्याचे चार भाग केले तरी एकाच्या वाट्याला सव्वासहा किलो येतात, म्हणजे पंचवीस घाणे. महिन्याला एक घाणा लावणाऱ्याला ते दोन वर्षे पुरतील, तोवर माल्टचा सुगंध उतरलेला असेल. म्हणून गडद आणि भाजलेल्या माल्टचे आठ भाग करावेत. म्युनिक किंवा गव्हाचा माल्ट अधिक प्रमाणात लागतो, त्याचे चार किंवा दोनही चालतात.

पैसे आधीच घ्यावेत, याबाबत सवलत नको. मागणी नोंदवताना मिळालेला दर माल निघेपर्यंत बदलू शकतो आणि वाहतुकीचा आकडाही शेवटी पक्का होतो, म्हणून अंदाजित रकमेवर पाच टक्के जास्तीचे घेऊन ठेवावेत आणि अंतिम पावती हाती आल्यावर उरलेली रक्कम प्रत्येकाला परत करावी. परतावा पैशापैशाचा असावा. ती रक्कम किरकोळ असली तरी संयोजक मधे काही ठेवत नाही हे त्यातूनच दिसते, आणि पुढच्या खेपेला पैसे मागणे सोपे जाते. पैसे एकाकडे आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे असावी. वही सर्वांना पाहता यावी, बदलता मात्र त्या दोघांनाच यावी.

वाहतूक वजनावरच वाटावी. समजा एकूण मागणी ४० पोत्यांची, म्हणजे १००० किलोंची आहे. त्यात एकाने सहा पोती घेतली आणि दुसऱ्याने सव्वासहा किलोंचा एकच भाग घेतला. वजनावर वाटल्यास पहिल्याला भाड्याचे १५ टक्के येतात आणि दुसऱ्याला एक टक्काही येत नाही. तेच पंधरा जणांत माणशी वाटले तर दोघांनाही पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडतील, म्हणजे छोट्या भागीदाराला त्याच्या रास्त वाट्याच्या दहापटीहून अधिक भाडे द्यावे लागेल आणि तो पुन्हा येणार नाही. तरीही भाग पाडण्याचे श्रम आणि पिशव्यांचा खर्च वजनाच्या हिशेबात येत नाही, म्हणून प्रत्येक भागावर एक लहानशी ठरावीक रक्कम लावणे न्याय्य आहे.

भाडे बहुधा लाकडी पॅलेटवर, म्हणजे पोती रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, आकारले जाते. साधारण ४० पोत्यांचा, म्हणजे एक टनाचा पॅलेट भरतो आणि त्यावर २२ पोती असली काय किंवा ४० असली काय, भाड्यात फारसा फरक पडत नसल्याने पॅलेट भरण्याचा मोह होतो. सभासदांना आकडे दाखवावेत. आग्रह करू नये.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी पाहावी. आपल्या भागात घरी बिअर करण्यास कायद्याची मुभा कितपत आहे आणि असे पैसे गोळा करून माल वाटणे हा व्यापार ठरतो का, हे विचारून घ्यावे. अनेक वितरक व्यावसायिक परवाना असलेल्यालाच माल देतात. अशा वेळी जवळच्या एखाद्या लहान बिअर उत्पादकाला त्याच्या मागणीत आपली पोती जोडून घेण्याची विनंती करता येते. त्याच्याकडे पॅलेट उतरवण्याची सोय असते, हा दुसरा फायदा.

उत्तर : तागडी

वरील आर्थिक नियमांशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझा अनुभव मुख्यतः वाटपाच्या दिवसाचा आहे आणि त्या दिवसाचे नियोजन बहुतेक जण अगदी शेवटी करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडी येण्यापूर्वी तिला मागून माल खाली उतरवणारी हायड्रॉलिक फळी आहे का, हे विचारून ठेवावे. नसेल तर चाळीस पोती हातानेच उतरवावी लागतात आणि त्यासाठी चार-पाच धडधाकट माणसे वेळेवर हजर असावी लागतात. चालकाच्या कागदावर सही करण्यापूर्वी पोती मोजावीत, फाटलेली, ओल लागलेली किंवा शिवण सुटलेली पोती बाजूला काढून त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि तसा शेरा कागदावर लिहावा. सही झाल्यानंतरच्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही.

ज्या पोत्यांचे भाग करायचे आहेत त्यांतले दोन-चार दाणे चावून पाहावेत. चांगला माल्ट दाताखाली कटकन तुटतो आणि आतून पिठूळ लागतो. सादळलेला दाणा चिवट लागतो. चांगल्या फिकट माल्टमध्ये ओलावा साधारण चार-पाच टक्के असतो. तो वाढला की वजनात आपण पाण्याचे पैसे देतो, भरडताना दाणा फुटण्याऐवजी चेपला जातो आणि माल्ट टिकतही नाही.

पोते सुरीने फाडू नये. तोंडावरची शिवण साखळीटाक्याची असते. योग्य टोकाचा दोरा सापडला की ती एका ओढीत उसवते आणि रिकामे पोते पुन्हा वापरता येते. वजन करताना रिकाम्या बादलीचे वजन काट्यावर शून्य करून घ्यावे आणि चार भाग एकामागून एक पूर्ण न भरता आधी चारही पिशव्यांत सहा-सहा किलो घालून मग उरलेला माल सारखा वाटावा. पोत्यात शंभर-दोनशे ग्रॅम कमी-अधिक असतील तर तो फरक आपोआप सर्वांत विभागला जातो आणि शेवटच्या भागीदारालाच तूट सोसावी लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजन करण्याचा क्रम फिकटापासून गडदाकडे ठेवावा : आधी पिल्सनर, मग पेल, गहू, म्युनिक, त्यानंतर क्रिस्टल आणि अगदी शेवटी चॉकलेट व काळा. पिल्सनर माल्टचा रंग तीन-चार ईबीसी (रंगाचे माप, आकडा मोठा तितका रंग गडद) असतो, काळ्याचा १३०० च्या घरात. काळ्या माल्टचे १०० ग्रॅम चुकून वीस लिटरच्या घाण्यात गेले तर सोनेरी व्हायची ती बिअर तांबूस-तपकिरी होते. एकच बादली आणि एकच माप सर्व माल्टसाठी फिरत असेल तर गडद माल्टचे दाणे आणि धूळ फिकट माल्टमध्ये गेल्याशिवाय राहत नाहीत.

प्रत्येक पिशवीवर माल्टचे नाव, वजन, घेणाऱ्याचे नाव आणि पोत्यावरचा लॉट क्रमांक लिहावा. त्या लॉटचे विश्लेषणपत्र वितरकाकडून मागून सर्वांना पाठवावे. ओलावा, अर्काचे प्रमाण, रंग आणि स्टार्चची साखर करणारी विकरांची शक्ती हे आकडे लॉटगणिक बदलतात. धान्य भिजवून काढलेल्या गोड रसाची घनता मागच्या खेपेपेक्षा कमी का आली, याचे उत्तर बऱ्याचदा त्या कागदावर असते.

उत्तर : मंदआच

माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या खेपेला भाग पाडूच नयेत. फक्त मूळ माल्टची अखंड पोती मागवावीत आणि विशेष माल्ट प्रत्येकाने पूर्वीप्रमाणे किरकोळीने घ्यावा. एकूण धान्याचा मोठा हिस्सा मूळ माल्टचा असल्याने बचतीचाही मोठा हिस्सा तिथेच आहे. श्रम आणि वाद मात्र जवळजवळ सगळे विशेष माल्टच्या वाटपात आहेत. पैसे गोळा करणे, माल उतरवणे आणि ठरलेल्या दिवशी घेऊन जाणे एवढे गटाला सुरळीत जमले की दुसऱ्या खेपेला भाग सुरू करावेत.

पुन्हा प्रश्न : सातूवाला

तिघांचेही मनापासून आभार. पहिली खेप अखंड पोत्यांचीच ठेवण्याचा विचार मला पटतो आणि तो मी गटापुढे मांडतो. आणखी दोन शंका आहेत. आमच्यापैकी सहा-सात जणांकडे भरडण्याचे यंत्र नाही. वाटपाच्याच दिवशी एका यंत्रावर सर्वांचे धान्य भरडून द्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. दुसरे म्हणजे जे सभासद आठवडेच्या आठवडे माल नेत नाहीत, त्यांच्या पोत्यांचे काय करावे?

उत्तर : तागडी

सामुदायिक भरडणी टाळावी. अख्खा माल्ट कोरड्या आणि थंड जागी वर्षभर सहज चांगला राहतो. भरडलेला काही आठवड्यांत वापरावा लागतो, कारण टरफलाचे संरक्षण गेल्यावर तो हवेतला ओलावा झपाट्याने ओढून घेतो. एका घाण्याला पाच किलो लागत असताना पंचवीस किलो एकदम भरडून घेण्यात काहीच लाभ नाही. शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी असते. कापडी पिशवीत धान्य भिजवणाऱ्याला बारीक भरड चालते. जाळीच्या तळाच्या भांड्यातून रस गाळणाऱ्याला टरफल शक्य तितके अखंड हवे, कारण तेच गाळणीचे काम करते आणि फार बारीक झाले तर रस खाली उतरत नाही.

धुळीचाही विचार करावा. धान्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू नैसर्गिकरीत्याच असतात आणि भरडताना ते धुळीबरोबर हवेत पसरतात. रस थंड होत असेल किंवा किण्वन चालू असेल त्या खोलीत हे काम कधीही करू नये. करणाऱ्याने तोंडाला मास्क लावावा. यंत्र नसलेल्या सहा-सात जणांनी वर्गणी काढून एक रुळाचे यंत्र घ्यावे, रुळांमधले अंतर १ ते १.२ मिलिमीटरवर ठेवून सुरुवात करावी आणि ज्याचा घाणा असेल त्याने ते घरी न्यावे. पहिल्या खेपेच्या बचतीतून यासाठी पैसे उभे राहू शकतात.

उत्तर : गोणपाट

न नेलेल्या मालाची मुदत मागणीच्या वेळीच ठरवावी. आम्ही तीन आठवडे ठेवतो. ज्याला स्वतः येता येत नाही त्याने दुसऱ्याचे नाव कळवावे. मुदत उलटली की माल प्रतीक्षायादीतल्या पुढच्या व्यक्तीला त्याच दराने द्यावा आणि ते पैसे आले की मूळ सभासदाला परत करावेत. यात दंड नको. संयोजकाचे घर गोदाम होऊ नये एवढाच उद्देश आहे.

तोवरच्या साठवणीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावीत. दुसरी काळजी सोंडकिड्यांची. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते, त्यामुळे माल उतरवताना स्वच्छ दिसलेल्या पोत्यातूनही काही आठवड्यांनी किडे बाहेर पडू शकतात. ते शेजारच्या पोत्यांतही पसरतात, म्हणून एका पोत्यात किडे दिसल्याबरोबर ते घराबाहेर न्यावे आणि बाकीची तपासावीत. घरी नेल्यावर प्रत्येकाने माल्ट घट्ट झाकणाच्या, अन्नासाठी योग्य अशा डब्यांत भरावा. शंका असेल तर लहान, हवाबंद पिशव्यांत भरून आठवडाभर उणे १८ अंशांवर ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली वाफ साचून माल्ट तिथेच सादळतो.