लंडन–न्यूयॉर्क : अंतराचे तीन आकडे आणि तिकिटावरची वेळ

उत्तरवारा : हीथ्रो (लंडनचा विमानतळ) ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हे अंतर एके ठिकाणी २,९९० दिसतं, दुसरीकडे ३,४४० आणि तिसरीकडे ५,५४०. बरोबर कोणतं? विमान ताशी ९०० किमीने उडतं, म्हणजे सव्वासहा तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना ११:०० ला सुटून १४:०० ला पोहोचतं, आणि येताना १९:०० ला सुटून दुसऱ्या दिवशी ०७:०० ला. हिशेब लागत नाही.

भूमापक : तिन्ही बरोबर, एककं वेगळी. २,९९० सागरी मैल (१ सागरी मैल = १.८५२ किमी), ३,४४० साधे मैल आणि ५,५४० किमी. पायलट सागरी मैलांतच बोलतात.

स्वतः पडताळायचं असेल तर हीथ्रो ५१.४७° उत्तर, ०.४५° पश्चिम, जेएफके ४०.६४° उत्तर, ७३.७८° पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाची कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवा. बेरीज ०.६४५ येते. तिची व्यस्त कोसाइन (cos⁻¹) सुमारे ०.८७ रेडियन, तिला पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किमीने, गुणलं की झालं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं: साइन-कोसाइन काढताना कॅल्क्युलेटर अंशांवर हवा, शेवटचा कोन मात्र रेडियनमध्ये हवा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, जितकं उत्तरेला जाल तितका तो ताणलेला असतो.

वाराफळ : आता वेळ. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क ५ तास मागे, म्हणून जाताना ३ + ५ = ८ तास आणि येताना १२ − ५ = ७ तास.

हा तासाभराचा फरक मुख्यतः जेट प्रवाहामुळे, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे, पडतो. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. ताशी १०० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीसापेक्ष वेग ८०० उरतो, पाठीमागून आला तर १,००० होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं, ते अशाच वाऱ्यामुळे.

शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, उतरण्याआधी घिरट्या आणि उशिरासाठी ठेवलेली थोडी राखीव वेळ, सगळं त्यात येतं. म्हणून नुसता भागाकार नेहमी कमी पडतो.

भूमापक : एक पुरवणी. मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या काळात फरक ४ तासांचाच असतो. घड्याळं परत मागे घेताना, ऑक्टोबरचा शेवटचा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार यांच्यामध्येही तेच. त्या तारखांचं तिकीट असेल तर ५ धरू नका.

उत्तरवारा : मग हेच सूत्र लंडन–टोकियोला लावलं तर?

वाराफळ : अंतर बरोबर येईल, सुमारे ९,६०० किमी. वेळ चुकेल. २०२२ पासून ब्रिटिश आणि जपानी कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत, त्यामुळे पूर्वी १२ तासांच्या आसपास असलेला प्रवास आता साधारण १४ तासांचा झाला आहे. अशा मार्गांवर प्रत्यक्ष वेळापत्रकच बघा.