डोक्यातला त्रिकोण पोरांना फसवतो का?

सरळरेषा (धागाकर्ता)
जुळे सोलापुरात दहावीच्या शिकवण्या घेतो. परवा विशालकोन त्रिकोण देऊन लघुकोनाच्या शिरोबिंदूतून शिरोलंब, म्हणजे समोरच्या बाजूवर लंब, काढायला सांगितला. निम्म्या पोरांनी तो त्रिकोणाच्या आतच कोंबला, वर काटकोनाची खूणही ठोकून दिली! व्याख्या मात्र सगळ्यांना पाठ. बाजू वाढवायची, लंब बाहेर पडतो, हे कुणाच्या मनातच येत नाही. चौरस टोकावर उभा केला की तो "चौरस नाही सर, समभुज चौकोन" होतो. गणितशिक्षणाचे अभ्यासक टॉल आणि व्हिनर यांनी 1981 साली हेच मांडलं होतं: व्याख्या वेगळी आणि मनातली प्रतिमा वेगळी, आणि ऐनवेळी माणूस प्रतिमेकडेच धावतो. म्हणून माझा नियम: आधी पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहा, आकृती नंतर.

मागवाल्याची लेक
नाही पटलं सर. मग रचना, म्हणजे आकृतीत जास्तीची रेषा, सुचणार कुठून? वर्तुळाच्या गणितात केंद्र जोडून त्रिज्या काढायची, हे पक्षात थोडंच लिहिलेलं असतं? ते डोळ्याला दिसतं. आणि फळ्यावर सगळे त्रिकोण पायावर बसवलेले कोण काढतं ओ, तुम्हीच ना!
आमच्याकडे जॅकार्डचा, म्हणजे नक्षी विणायचा, माग होता. चादरीत उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात, त्यामुळे साध्या आलेखाच्या कागदावर गोल काढलेलं फूल विणल्यावर गोल राहत नाही. वडील कागदावर मुद्दाम बेढब फूल भरायचे, चादरीवर ते गोल उतरायचं. त्यांच्या डोक्यात दोन चित्रं असायची. पोरांच्या डोक्यात एकच आहे, एवढीच अडचण.

जुनी अकरावी
ताई, वडिलांना धाग्यांचं प्रमाण माहीत होतं, नुसतं चित्र नव्हे. 'प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो' ही खोटी सिद्धता करून बघा. एका कोनाचा दुभाजक आणि समोरच्या बाजूचा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत छेदतात असं चित्र काढायचं. पुढची पायरी न् पायरी बरोबर वाटते, निष्कर्ष मात्र भलताच. चित्रानंच गळा कापला.

मागवाल्याची लेक
काका, तीच आकृती पट्टी-कंपासनं नीट काढा की. छेदनबिंदू त्रिकोणाबाहेर, थेट परिवर्तुळावर, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावर, पडतो. खोटेपणा पकडला कुणी? चित्रानंच.

जुनी अकरावी
त्रिकोण आधीच समद्विभुज असेल आणि दुभाजक समान बाजूंमधल्या कोनाचा असेल तर दोन्ही रेषा एकच होतात, तेव्हा कंपास काय पकडणार? पण बाकी मुद्दा मान्य, कुरकुरत का होईना.

सरळरेषा
उद्या बॅचला हीच सिद्धता देतो. कंपासपेटी मात्र शेवटी उघडायची.

मागवाल्याची लेक
आधी उघडू द्या, सर.