विषय: ‘ग्रँड लार्सनी’ म्हणजे दरोडा का?

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या सबवेमध्ये माझ्या सासूबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीतून कोणीतरी पाकीट मारले. त्यात ४० डॉलर आणि एक डेबिट कार्ड होते. पोलिसांच्या कागदावर ‘ग्रँड लार्सनी’ असे लिहिलेले आहे आणि एका नातेवाइकांनी त्याचा अर्थ दरोडा असा सांगितल्यामुळे त्या फार घाबरल्या आहेत. एवढ्याशा रकमेला ‘ग्रँड’ का म्हणतात, हे कोणी जाणकार सांगतील का?

आपली,
एक सभासद

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

हा दरोडा नव्हे, हे सासूबाईंना आधी सांगा. भारतीय कायद्यानुसार दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. येथे मारहाण झाली नाही, धमकीही दिली गेली नाही, म्हणून ही चोरीच आहे, मात्र कायद्याने गंभीर मानलेली.

न्यूयॉर्कच्या दंड कायद्यात १,००० डॉलरपर्यंतची चोरी सहसा ‘पेटी’, म्हणजे किरकोळ ठरते आणि त्यापुढची ‘ग्रँड’. ३,०००, ५०,००० आणि दहा लाख डॉलर या मर्यादा ओलांडल्या जातात तशी श्रेणी चौथीवरून पहिलीपर्यंत चढत जाते. परंतु काही चोऱ्यांत किंमत पाहिलीच जात नाही. माणसाच्या अंगावरून वस्तू काढून घेतली, किंवा चोरीला गेलेली वस्तू क्रेडिट वा डेबिट कार्ड असली, तर ती चौथ्या श्रेणीची ग्रँड लार्सनी होते आणि तिला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सासूबाईंच्या बाबतीत ही दोन्ही कारणे लागू पडतात. मला हा नियम योग्य वाटतो, कारण चोराचा हात अंगाशी येऊन गेल्याची धास्ती पाकिटातल्या रकमेवरून ठरत नाही.

मुळात हा भेद जुन्या इंग्रजी कायद्यातला आहे. तेथे बारा पेन्सांहून अधिक किमतीची चोरी ‘ग्रँड’ ठरे व तिची शिक्षा फाशी असे, त्यामुळे आरोपीचा जीव वाचावा म्हणून ज्यूरी कित्येकदा मालाची किंमत जाणूनबुजून कमी ठरवीत. इंग्लंडने १८२७ मध्ये हा भेद रद्द केला; न्यूयॉर्कमध्ये तो अजून आहे.

गुन्ह्याचे हे नाव चोरावरच्या आरोपाचे आहे, सासूबाईंना त्यातून कसलाही त्रास नाही. कार्ड अजून बंद केले नसेल, तर बँकेला आजच कळवा आणि पोलीस तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद