चाळीस जणांचे पीएचक्यू-९ फॉर्म, आणि सगळ्यांचे गुण दोन-तीनच?

नाईट_रोस्टर: साथकाळासाठी ५० खाटांच्या रुग्णालयाचा आराखडा करतोय. सिस्टर, वॉर्डबॉय, लॅबवाले मिळून ४० जण. दर महिन्याला पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) आणि जीएडी-७ (तशीच चिंतेची, सात प्रश्नांची) भरून घ्यायचे म्हणतोय. चाचणी फेरीत बहुतेकांचे गुण २-३ आले. चीनमध्ये २०२० साली ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ जणांची पाहणी झाली, त्यात ५०.४ टक्क्यांना नैराश्याची आणि ४४.६ टक्क्यांना चिंतेची लक्षणं होती. मग इथे सगळं इतकं आलबेल कसं? आणि किती गुणांना नेमकं काय करायचं?

मनोविकार_ओपीडी: फॉर्मवर नाव होतं का? आणि गोळा कोणी केले? इनचार्ज सिस्टरच्या टेबलावर ठेवायचा कागद असेल तर कोणीही शून्यावरच खूण करणार. ड्युटी लावणाऱ्याच्या हाती फॉर्म जाऊ देऊ नका. बंद पाकिटात, नावाऐवजी क्रमांक टाकून घ्या. क्रमांकांची यादी बाहेरच्या समुपदेशकाकडे राहू दे.

त्या ५०.४ टक्क्यांत ५ ते ९ गुणांची सौम्य लक्षणंही धरली आहेत, त्यामुळे निम्मा स्टाफ आजारी असा अर्थ काढू नका. पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १० किंवा जास्त झाले की प्रत्यक्ष मुलाखत, २० किंवा जास्त असतील तर मनोविकारतज्ज्ञ लगेच. जीएडी-७ ला २१ पैकी १० हीच रेघ. नववा प्रश्न मात्र बेरजेत बुडवू नका. जीव नकोसा होण्याबद्दलच्या त्या प्रश्नावर १ जरी असला तरी त्याच दिवशी माणूस समोर बसला पाहिजे. म्हणून पाकिटं आली त्याच दिवशी उघडायची, आठवडाभर साठवायची नाहीत.

वॉर्ड_नं_४: उलटी चूकही होते. तिसरा, चौथा, पाचवा प्रश्न झोप, थकवा आणि भुकेचा. सलग नाईट केलेल्या कुणाचेही इथे ५-६ गुण सहज होतात, त्यात पीपीई घालून सहा तास पाणी नाही, लघवी नाही. म्हणून पहिले दोन (कशात रस नाही, मन उदास) वेगळे बघा. त्या दोघांचे मिळून ६ पैकी ३ झाले की दखल घ्यायची. गुण फक्त झोप-थकव्यातच असतील तर आधी ड्युटी बदला: मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट याच क्रमाने फिरवा, सलग तीनपेक्षा जास्त नाईट नकोत, नाईटनंतरचा ऑफ कापू नका. हिमोग्लोबिन आणि टीएसएचही (थायरॉइडची तपासणी) करून घ्या.

वॉर्डात मृत्यू झाला की सगळ्यांना गोल बसवून 'मन मोकळं करा' असली सक्तीची बैठक घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही.

नाईट_रोस्टर: आणि औषधं? स्टाफ परस्परच घेतो.

मनोविकार_ओपीडी: अल्प्राझोलाम (चिंता, झोपेसाठी घेतात ती गोळी) कपाटबंद, नोंदवहीत. चार रात्री झोप लागते, मग तिच्याशिवाय लागतच नाही. एसएसआरआयचा (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक गट) परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे लागतात; पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी जास्त धडधड. हे आधी सांगितलं नाही की लोक पाचव्या दिवशी गोळी सोडतात. शिवाय टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ हा नंबर चेंजिंग रूममध्ये लावा, नोटीस बोर्डावर नको. तिथे उभं राहून नंबर उतरवून घेताना सगळे बघतात.

उपकेंद्र: तुमच्या ४० त आशाताई नाहीत. सीबीएसी फॉर्ममधले (घरोघरी भरायचा आरोग्य तपासणीचा फॉर्म) पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न त्या गावभर विचारत फिरतात, त्यांना कोण विचारतं? त्यांना रोस्टरच नाही, त्यामुळे ड्युटी बदलायचा उपाय इथे लागूच नाही. त्यांच्या बाबतीत थकलेला मोबदला आधी काढा आणि विरोध होणाऱ्या घरी दोघींना मिळून पाठवा.