चर्चमधलं लग्न, संमतीचा घटस्फोट: एक वर्ष की दोन? मदत हवी आहे

नमस्कार. माझी बहीण ख्रिश्चन, तिचे मिस्टर हिंदू. लग्न चर्चमध्ये, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने झालं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कधीच केली नाही. चौदा महिन्यांपासून दोघं वेगळे राहतात, घटस्फोट दोघांनाही हवा आहे. मूल नाही, पोटगीचा वाद नाही.

दोन वकिलांना विचारलं. एक म्हणतात, १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०अ लागू, म्हणजे आधी दोन वर्षं वेगळं राहायला हवं. दुसरे म्हणतात, केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही मुदत एक वर्षावर आणली, तोच निकाल जोडून अर्ज टाकू. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात एकच वर्ष आहे, त्यामुळे ती फार अस्वस्थ आहे. लग्नाचा दाखला समोर ठेवून रोज तेच विचारते.

वेगळं राहण्याचा पुरावा म्हणून तिच्या नावाचा भाडेकरार आहे. अर्ज पुण्यातच करायचा आहे, केरळमध्ये जाणं शक्य नाही.

महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयात कलम १०अ खालचा अर्ज दोन वर्षांच्या आत कोणाचा दाखल करून घेतला गेलाय का? की आणखी दहा महिने थांबणंच बरं?