विंड-लोड रिग: स्थिर दाब बसतो, सायकलिंगमध्ये पीआयडी कोलमडतो

प्रश्न

खिडक्या आणि कर्टन वॉल (इमारतीची काचेची दर्शनी भिंत) वाऱ्याच्या दाबाला तपासण्याचा चेंबर आहे, ३ × ३ मीटर, खोली ६०० मिमी. ७.५ किलोवॅटचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), आणि पीएलसीतला (कंट्रोल संगणकातला) पीआयडी, म्हणजे दाबातली चूक बघून आउटपुट बदलणारा कंट्रोल लूप, थेट फ्रिक्वेन्सी देतो. एएसटीएम ई३३० ला (स्थिर दाबाच्या चाचणीला) अडचण नाही, २४०० पास्कलला १० सेकंद काटा हलत नाही. ई१८८६ च्या सायकलला (दाब पुन्हा पुन्हा चढवण्या-उतरवण्याला) मात्र गाडी अडते. पी (चाचणीचा कमाल दाब) = १६०० पास्कल धरून ०.३–१.० पी, म्हणजे ४८० ते १६०० चालवलं की एका सायकलला ८ सेकंद लागतात. ३०० च्या आसपास दाब सुस्त असतो, १४०० च्या वर हंटिंग, म्हणजे दाब सतत वर-खाली डोलतो. डिसेलरेशन टाइम कमी केला की व्हीएफडी ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप. ८ सेकंदांनी ९००० सायकल म्हणजे २० तास, आम्हाला ३ सेकंदांची सायकल हवी आहे. ब्रेकिंग रेझिस्टर (वेग उतरवताना परत येणारी वीज जिरवणारा) लावून भागेल का?

उत्तर १

ट्रिप थांबेल, सायकल फारशी सुधारणार नाही. पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. १६०० पास्कल ४२ हर्ट्झला मिळत असेल तर ४८० साठी २३ हर्ट्झवर यावं लागेल. म्हणजे दर सायकलला तेवढं जड इम्पेलर (पंख्याचं फिरतं चक्र) १९ हर्ट्झने उतरवायचं आणि परत चढवायचं. उतरवताना सुटणारी ऊर्जा व्हीएफडीच्या आतल्या डीसी बसवर येते, म्हणून ट्रिप.

सुस्ती आणि हंटिंगचं मूळही तेच. १६०० ला लूपचा गेन (एका हर्ट्झला दाब किती बदलतो ते) ३०० च्या सव्वादोनपट असतो, एकच ट्यूनिंग दोन्हीकडे बसणार कसं? स्थिर चाचणीपुरता उपाय सोपा आहे: सेटपॉइंटचं वर्गमूळ काढून त्यावरून फीडफॉरवर्ड (आधीच काढलेली फ्रिक्वेन्सी) द्या, पीआयडीकडे फक्त उरलेली चूक ठेवा.

सायकलिंगसाठी ब्लोअर एका वेगावर सोडून द्या, शिखरदाबाच्या सव्वापटीवर. चेंबरकडे जाणाऱ्या पाइपवर एक बटरफ्लाय व्हॉल्व्ह (पाइपमध्ये फिरणाऱ्या चकतीचा), चेंबरवरून बाहेर सोडणारा दुसरा. एक उघडतो तेव्हा दुसरा मिटतो. हवा फार लागत नाही: ५.४ घनमीटरला १००० पास्कल चढवायला साधारण ५० लिटर. उलट नमुना सरासरी १० मिमी वाकला तर तोच ९० लिटर खातो.

प्रश्नकर्ता

व्हॉल्व्ह फिरवायला ९० अंशांना २० सेकंद घेणारे इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर पडून आहेत. चालतील?

उत्तर २

नाही. पोझिशनरसह (हव्या कोनावर थांबवणाऱ्या उपकरणासह) न्यूमॅटिक घ्या किंवा सर्वो, पूर्ण फिरायला एका सेकंदाच्या आत. बटरफ्लायचा उपयोगी टप्पा १५ ते ६० अंश, त्याबाहेर पीआयडीला जाऊ देऊ नका. पीआयडीतला डी (बदलाच्या वेगाला प्रतिसाद देणारा भाग) शून्य ठेवा, नाहीतर हवेच्या खळबळीवर व्हॉल्व्ह थरथरत राहील. आउटपुट मर्यादेला टेकलं की आय (चूक साठवत जाणारा भाग) गोठवा, ओव्हरशूटचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. सेटपॉइंट पायरीसारखा देऊ नका, साइन वेव्ह द्या. आणि ट्यूनिंग १६०० ला करत बसू नका: ई१९९६ च्या (ई१८८६ सोबत वापरायच्या मानकाच्या) तक्त्यात ९००० पैकी ६८५० सायकल ०.२–०.५ पी च्या आहेत, म्हणजे तुमच्याकडे ३२० ते ८००.

उत्तर ३

कंट्रोलला हात लावण्याआधी सेन्सरची नळी बघा. पाण्याच्या चाचणीनंतर नळीच्या खोलगट भागात पाणी अडकतं, आणि १० मिमी उंचीचं पाणी म्हणजे ९८ पास्कलची चूक. सेन्सर टॅपच्या (चेंबरमधून दाब घेणाऱ्या छिद्राच्या) वर बसवा, नळीचा उतार चेंबरकडे ठेवा. टॅप हवेच्या झोतासमोर नको. सेन्सरचं दुसरं तोंड कंट्रोल पॅनेलच्या आत उघडं ठेवलं असेल तर बाहेर काढा, पॅनेलचा कूलिंग फॅनही दाब दाखवतो (हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं).

नमुन्याच्या फटी बंद करायला पॉलिथिन ०.०५ मिमीपेक्षा जाड नको, आणि कोपऱ्यांत चुण्या सोडून लावा. ताणलेली फिल्म स्वतःच भार पेलते, मग वाकणं कमी दिसतं.

काच फुटली की दाब शून्याला येतो आणि पीआयडी पुरवठा पूर्ण उघडतो, तुकड्यांवर ब्लोअरचा झोत. म्हणून सेटपॉइंट आणि प्रत्यक्ष दाबात ३०% फरक अर्धा सेकंद टिकला की पुरवठा बंद, व्हेंट पूर्ण उघडा. पीएलसीवरच विसंबू नका. चेंबरच्या छताला २०० मिमीचं भोक, वर वजनाचं सैल झाकण: २८०० पास्कलला उघडायचं तर झाकणासह ९ किलो. निगेटिव्ह दाबासाठी आत उघडणारा स्प्रिंगचा फ्लॅप वेगळा लागेल.